सुटं बटण

शाल्मली म्हणाली, मामा, आधी उजेड.
ट्यूबलाइटखाली काढलेलं बटण
पडलेल्या दातासारखं दिसतं.
म्हणून सकाळी दहाला,
शीतलामाता बाजार नीट जागा व्हायच्या आत
मी ओट्यावर पांढरा कागद अंथरतो
आणि त्यावर एकेक मांडत जातो:
शिंपल्याचं, करवंटीचं, शेरवानीचं पितळी,
आणि फ्रॉकचं ते लालभडक, जे आता कुणीच मागत नाही.
शेजारी एक रुपयाचं नाणं.
नाणं कशाला, तर आकार कळावा.
चाळीस वर्षं गिऱ्हाईक बोटांनी चाचपून आकार घ्यायचं.

समोरचा गोटेवाला बाकलीवाल
पोह्यांचा द्रोण हातात धरून बघत राहतो.
"क्या भिया, बटन की कुंडली निकाल रिये हो?"
मी म्हणतो, हो. जन्मवेळ सकाळी दहा.

पहिल्या दिवशी सात जणांनी पाहिलं.
त्यांतले चार घरचे.
पाचवा मी.

तिचे नियम मी उधारीच्या वहीत
मागच्या पानापासून उतरवून घेतले.
भाव लपवायचा नाही;
"किंमत खासगीत विचारा" म्हटलं की माणूस
दुकानाची पायरी अंगठ्यानंच उतरतो.
रोज थोडं टाकायचं, चिवड्यात मीठ टाकतात तसं,
मूठभर एकदम नाही.
आणि टाकायचं रात्री साडेनऊनंतर,
जेवणं आटोपून लोक आडवे होतात तेव्हा.
मी म्हटलं, इंदूर साडेनऊला आडवं होत नाही,
सराफ्यात जाऊन उभं राहतं.
ती म्हणाली, गिऱ्हाईक इंदूरचंच कशाला हवं?

हा प्रश्न मला दोन रात्री पुरला.

चेहरा दाखवा म्हणाली, तिथे मात्र मी अडलो.
शेवटी हातांवर तडजोड झाली.
माझे हात, सुई, कोटाचं एक बटण,
आणि बटणावर आडवी धरलेली आगकाडी.
टाके तिच्यावरून घ्यायचे, मग काडी ओढून काढायची,
म्हणजे खाली धाग्याला देठ येतो
आणि जाड कापड काजात गुदमरत नाही.
हे वडिलांनी मला शिकवलं होतं,
एका टपलीसकट.
अकरा हजार लोकांनी पाहिलं.
अकरा हजार जण गल्लीत आले असते
तर पोलीस बोलवावे लागले असते.
बटणं घेतली तिघांनी.

मग अकोल्याहून एक निरोप.
नाव सुहासिनी खडक्कार.
"आगकाडीच्या व्हिडिओत, मागे, डावीकडच्या डब्यात,
अर्धं हिरवं दिसतंय, ते मिळेल का?
एकच हवंय."

आता वहीतला नियम सहावा:
किमान ऑर्डर शंभर रुपयांची, नाहीतर टपालखर्चात दुकान जातं.
बटण सहा रुपयांचं.
मी डबा उतरवला. धूळ झटकली.
हिरवी तीन निघाली, कधीचीच, कारखानाही आता नसेल.
कशाला हवंय हे विचारायला बोट पुढे गेलं,
मागे घेतलं.
ओट्यावर गिऱ्हाईक आलं तर
आपण कुठे विचारतो, ब्लाऊज कुणाचा म्हणून?

पुठ्ठ्यावर टाचून एक पाठवलं,
आणि एक जास्तीचं, न सांगता.
शाल्मलीला कळलं तेव्हा ती
बराच वेळ फोनकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, मामा, निदान पुठ्ठ्यावर
दुकानाचं नाव तरी छापून घ्या.
नियम सातवा. लिहून घेतला.

बारा दिवसांनी बाईंचा शेरा आला.
पाचांपैकी चार तारे.
"बटण सुरेख. पोचलं वेळेवर.
रंग फोटोपेक्षा जरा गडद."

शाल्मली फणफणली, दोन बटणं आणि वर तारा कापला!
मी म्हटलं, बाई खरं बोलतात.
फोटोसाठी तेच हिरवं मी पुन्हा कागदावर मांडलं,
नाणं ठेवलं
आणि थांबलो.
बाजारावर ढग होते.
बाकलीवालनं विचारलं, आज कुंडली नहीं?
म्हटलं, थांब जरा,
ऊन येऊ दे.